बसून राहिलेला माणूस

यादिरा जिन्यात भेटली. तिच्या हातात पिळलेल्या कपड्यांची बादली होती, आणि ती सहज, म्हणजे नळाला पाणी आलं का हे विचारावं इतक्या सहज म्हणाली, "दॉन आन्सेल्मो, त्या दिवशी भोंगा वाजला ना, आम्ही उतरलोच नाही हं. मी शिमेनाला म्हटलं, कठड्यावरून वाकून बघ गं, दॉन आन्सेल्मो बसलेत का. ती म्हणाली, बसलेत. म्हटलं, मग झालं. भाताखालचा गॅससुद्धा मी बंद केला नाही." एवढं बोलून ती हसली, बादली दुसऱ्या हातात घेतली आणि तिसऱ्या मजल्याकडे निघून गेली. आन्सेल्मो किरोस हातातल्या पपईसकट तिथेच उभा राहिला. पपई खाली ठेवावी असं त्याला वाटलं, पण वाकलो तर पुन्हा सरळ होता येणार नाही असंही वाटलं, म्हणून तो ती छातीशी धरून पायऱ्या चढत राहिला. शिमेना चार वर्षांची होती. तिला मोठेपणी ट्रक व्हायचं होतं.

त्या दिवशी तो खिडकीत बसला होता हे खरं. तो रोजच बसतो. इमारत जुनी, मधोमध चौक, चौकात कपडे धुवायची दगडी टाकी, भोवती तीन मजल्यांचे सज्जे, आणि रस्त्याकडे जायची एकच कमान. त्या कमानीच्या बरोबर समोर दुसऱ्या मजल्यावर आन्सेल्मोची खिडकी. ती चौकात उघडत असल्यामुळे इमारतीतल्या कुठल्याही दारातून बाहेर डोकावलं की आधी आभाळ दिसतं आणि मग आन्सेल्मो. रस्त्यावरच्या खांबांवरून भूकंपाचा भोंगा सुरू झाला तेव्हा त्याची बायको ओर्तेन्सिया आतून म्हणाली होती, "ऊठ रे म्हाताऱ्या, निदान दाराच्या चौकटीत तरी येऊन उभा राहा." आणि त्याने उठायचं ठरवलं होतं. ठरवणं आणि उठणं यांच्यामध्ये एरवी काहीच नसतं, म्हणून माणसाला त्यांच्यातली जागा माहीत नसते. आन्सेल्मोला ती चांगली माहीत होती. तिथे त्याचे पाय होते. गुडघ्याखाली दुसऱ्याच कुणाचे तरी पाय ठेवायला दिल्यासारखे, जड, थंड आणि बेपर्वा. भोंगा वाजतो तो समुद्राकडून निघालेला धक्का शहरात पोचायच्या आत. नशीब बरं असलं तर माणसाला एखादं मिनिट मिळतं. ते मिनिट आन्सेल्मोने त्या पायांकडे बघण्यात घालवलं होतं. मग धक्का आला, पण इतका किरकोळ की छताचा दिवाही हलला नाही. समोरच्या सज्ज्यातून एक लहान डोकं वाकून आपल्याकडे बघत होतं हे त्याला आत्ता, पपई ओट्यावर ठेवताना, आठवलं. त्याने त्या डोक्याला हातही हलवला होता. हात चालत होते. हातांची कधीच तक्रार नव्हती.

हे पाय शहरात प्रसिद्ध आहेत. आन्सेल्मो तेव्हा खुर्च्या भाड्याने द्यायचा. लोखंडी, घडीच्या, पाठीवर निळ्या रंगात 'किरोस' लिहिलेल्या. बाप्तिस्मे, लग्नं, मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे नाच, मयत. माणसं कशासाठीही जमली तरी शेवटी बसतातच, या एका सत्यावर त्याचं घर चाललं. एकदा रोमा नावाच्या वस्तीतल्या एका जुन्या छापखान्याच्या दालनात त्याने खुर्च्या पोचवल्या. तिथे लेआन्द्रो इबार्रोला नावाचा दिग्दर्शक सिनेमा करत होता. सिनेमा एक नवरा, त्याची बायको आणि बायकोची बहीण यांच्याबद्दल होता, आणि त्यातलं कोण शेवटी कुणाकडे गेलं हे आज इबार्रोलालाही सांगता आलं नसतं. पण मध्येच एक प्रसंग होता. ती बायको एका कलादालनात जाते आणि तिथे सेनाइदा कोबोचा प्रयोग बघते. सेनाइदा कोबो नटी नव्हती. तिचा खऱ्या आयुष्यातला धंदाच तो होता: जे घरी केलं तर घरचे डॉक्टरला बोलावतील ते नेमून दिलेल्या वेळी लोकांसमोर करायचं. सिनेमातही तिने स्वतःचाच प्रयोग करायचा होता. प्रेक्षकांसमोर एका खुर्चीवर गप्प बसायचं, मांडीवर रेडिओ, आणि मनात येईल तेव्हा बटण दाबायचं. त्यातून भूकंपाचा भोंगा वाजणार, आणि मग लोक जे करतील ती कलाकृती. प्रेक्षक म्हणून रोजंदारीवर आणलेल्या माणसांना हे सांगितलेलं नव्हतं. इबार्रोलाला सत्य पाहिजे होतं, आणि सत्य आधी सांगितलं तर महाग पडतं. एक माणूस कमी भरला तेव्हा त्याच्या मदतनीस बाईने आन्सेल्मोला म्हटलं, "अहो खुर्चीवाले, तुम्ही बसा." आपल्याच खुर्चीवर बसायला दुसऱ्याने सांगावं लागतं याची त्याला गंमत वाटली. तो बसला.

भोंगा वाजला आणि सगळे पळाले. खुर्च्या आडव्या झाल्या, एक बाई बूट टाकून गेली, एक गृहस्थ दुसऱ्याच्या बायकोचा हात धरून गेले आणि ते पुढे बरंच निस्तरावं लागलं. इबार्रोला पळाला. कॅमेऱ्यामागचा माणूस कॅमेरा चालूच ठेवून पळाला. आणि सेनाइदा कोबोही पळाली. बटण तिनेच दाबलं होतं. पुढे मुलाखतीत कुणीतरी तिला हे विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मी दाबलं होतं हे मला माहीत होतं. पण खरा भोंगाही नेमका त्याच क्षणी वाजला असेल तर?" दुसऱ्या एखाद्या गावात लोक हसले असते. इथे सगळ्यांनी मान हलवली. तर अशा रीतीने एक कॅमेरा उरला, ज्याच्या मागे कुणी नव्हतं, आणि एक माणूस उरला, ज्याच्यापुढे कुणी नव्हतं, आणि रीळ संपेपर्यंत दोघं एकमेकांसोबत राहिले. दालन रिकामं, खुर्च्या उताण्या, आणि मधोमध ताठ पाठीचा खुर्चीवाला, हात मांडीवर, नजर समोर. त्याच्या बुटांभोवतीची फरशी हळूहळू ओली होत गेली होती, पण ती चौकटीच्या खाली राहिली. कलेत चौकटीला महत्त्व असतं म्हणतात ते आन्सेल्मोला तेव्हापासून पटलेलं आहे. ती पँट ओर्तेन्सियाने धुतली. वाळत घालताना ती एवढंच म्हणाली, "खुर्च्या सगळ्या परत आल्या ना?"

सिनेमा पडला. नवरा, बायको, बहीण, तिघं विस्मरणात गेले, पण तो प्रसंग काही मरेना. आधी सिनेमावेड्यांच्या मंडळांतून, मग टीव्हीवर, मग फोनांतून तो फिरत राहिला. एकोणीस सप्टेंबर जवळ आला, म्हणजे दोन मोठे भूकंप ज्या तारखेला झाले तो दिवस, की लोक तो एकमेकांना पाठवतात, जसे दुसरे लोक सणाला शुभेच्छा पाठवतात. आन्सेल्मोची आकृती भिंतींवर रंगली, टी-शर्टांवर छापली गेली. एका वार्ताहराने त्याला विचारलं होतं, तुम्ही का उठला नाहीत, आणि त्याला दुसरं काही सुचलं नाही म्हणून तो म्हणाला होता, "खुर्ची माझी होती." हे वाक्य मग विद्यापीठाच्या संपात फलकावर आलं. विद्यापीठातली एक मुलगी त्याच्यावर प्रबंध लिहायला आली, भला मोठा चष्मा, गोड बोलणं, ओर्तेन्सियाच्या हातच्या मक्याच्या वड्या तिने पोटभर खाल्ल्या. ती म्हणाली, "सिनेमात सगळं खोटं असतं हे बघणाऱ्याला माहीत असतं, दॉन आन्सेल्मो. आणि मग त्या खोट्याच्या आत कुणीतरी उभं राहून म्हणतं, आता मी काहीतरी करणार आहे, बघा. तेवढ्यापुरतं आपल्याला कळेनासं होतं की आत बसलेले प्रेक्षक नट आहेत की आपल्यासारखेच हात कुठे ठेवावेत न कळणारे बिचारे. म्हणून असे प्रसंग राहतात. बाकीचा सिनेमा आपण बघतो. तिथे तो आपल्याला बघतो." आन्सेल्मोने "असेल" म्हटलं. तिला त्याच्या बसण्यात नकार दिसत होता, देहाचा सत्तेला नकार. तो तिच्याकडे बघत होता आणि त्याला वाटत होतं, ही पोरगी हुशार आहे, हिला बरोबर कळलंय की तिथे कुणीतरी खरं होतं, फक्त ते खरं कंबरेच्या खाली होतं. लोक तो प्रसंग का बघतात हे त्याला आपल्या परीनं माहीत होतं. पळणाऱ्यांना बघताना प्रत्येकाला आपला चेहरा दिसतो, आणि तो बघवत नाही. मग नजर फिरून बसलेल्या माणसावर जाते आणि तिथे जरा टेकते. लोक त्याच्यावर टेकत होते. तोही एका परीने खुर्चीच होता. आणि इतकी वर्षं त्यात कुणाचं काही बिघडलेलं नव्हतं, बाजारात अ‍ॅव्होकाडोवाली एक फळ वर टाकायची, म्हणायची, "हे तुमच्या पायांना." आज जिन्यात पहिल्यांदा त्याला कळलं की टेकणाऱ्यांत ट्रक व्हायची इच्छा असलेली एक मुलगी आहे.

त्याने खात्री करून घ्यायचं ठरवलं, म्हणजे आपलं चुकलं असावं अशी आशा धरून तो खाली दोन्या चेलाकडे गेला. दोन्या चेला तळमजल्यावर राहते, पिंजऱ्यात कॅनरी पाळते आणि इमारतीतल्या सगळ्यांचं सगळं जाणते. "भोंगा वाजला की तुम्ही काय करता?" त्याने विचारलं. "मी?" ती म्हणाली, "आधी चपला घालते. मग दारात येऊन वर बघते. तुम्ही बसलेले असलात तर चपला काढते." "सगळेच असं करतात?" "सगळे कसे करतील? तो नवीन भाडेकरू, दंतवैद्याकडे कामाला असलेला मुलगा, पळत सुटला होता पहिल्या वेळी. आम्ही इतकं हसलो. आता तोही बघतो." ती थोडी पुढे झुकली आणि आवाज उतरवून म्हणाली, "तुम्हाला आतून कळतं, नाही का? कुठला येणार आणि कुठला नुसता डरकाळी फोडून जाणार? माझ्या आजोळी एक गाढव होतं, त्याला कळायचं." तिच्या मागे कॅनरी दांडीवरून दांडीवर उडी मारत होती. आन्सेल्मोने तिच्याकडे, म्हणजे कॅनरीकडे, मदतीसाठी पाहिलं. मग त्याची नजर चौकातून वर गेली, एकेका सज्ज्यावरून, वाळत घातलेल्या चादरींवरून, तिसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यातल्या भेगेवर, जी गेल्या मोठ्या भूकंपानंतर सिमेंटने बुजवली होती आणि सिमेंटच्या बाजूने पुन्हा निघाली होती. भेगेच्या पलीकडे यादिराची खोली. कमान एकच. वरून उतरून कमानीबाहेर पडायला, मूल कडेवर असेल तर, ते एक मिनिट जेमतेम पुरतं. आणि त्यातलं बरंचसं त्याच्याकडे बघण्यात जातं.

पंच्याऐंशी साली तो सकाळी रस्त्यावर होता. टेम्पोत खुर्च्या भरून एका लग्नाच्या न्याहारीला निघाला होता. समोरची सहा मजली इमारत आधी जरा डुलली आणि मग खाली बसली. पडली नाही, बसली, दिवसभराच्या कामाने दमलेला माणूस बसतो तशी, सुस्कारा टाकून. मग धूळ. धुळीत तो कितीतरी वेळ उभा होता, आणि त्याला आठवतं ते एवढंच की चालायचं कसं हे त्याला आठवत नव्हतं. डावा आधी की उजवा. कुणीतरी त्याला ढकललं तेव्हा तो चालू लागला. लग्न झालं नाही. त्या खुर्च्या पुढचे कित्येक दिवस त्याच रस्त्यावर राहिल्या. ढिगाऱ्यातून माणसं काढणारे त्यांवर बसून पाणी प्यायचे, आणि समोरासमोर दोन-दोन मांडून त्यांवर शवपेट्या ठेवल्या जायच्या. नंतर त्याने खुर्च्या धुतल्या, पुसल्या आणि पुन्हा लग्नांना पाठवल्या. दुसरं काय करणार. पण मांडवात नवरी बसली की तो लांबून खुर्चीचे पाय बघायचा. तेव्हापासून त्या सुस्काऱ्याच्या आवाजाला, पुढे खांबांवर भोंगे आले तेव्हा त्यांना, किंवा तसल्या कशालाही, त्याच्या गुडघ्यांच्या खालचं सगळं दगड होतं. संध्याकाळी रताळीवाला गाडीची वाफेची शिट्टी सोडतो, ती सुरू व्हायच्या आधी जो फुस्स आवाज येतो, तेवढ्यानेही. सगळा माणूस जिवंत, घाबरलेला, घामेजलेला, ओरडायच्या बेतात, आणि दोन पाय मेलेले. हे धैर्य आहे असं जगाने ठरवलं तेव्हा त्याने आधी हसून सोडून दिलं, मग सवय झाली, आणि सवयीला विरोध करायला जे पाय लागतात तेही त्याच्याकडे नव्हते.

त्याने यादिराला गाठलं आणि सरळ सांगितलं. ती शिमेनाचे केस विंचरत होती. "पोरी, मला काही कळत नाही. मी बसतो कारण मला उठता येत नाही. भीतीने." यादिराने कंगवा थांबवला, त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "माझे वडील असेच होते," ती म्हणाली. "कधी म्हणून स्वतःचं मोठेपण कबूल केलं नाही." "अगं मोठेपण नाही. मुतलो होतो मी. त्या सिनेमात." हे ऐकून शिमेना खदखदून हसली. यादिराही हसली, आणि त्याच्या दंडाला हात लावून म्हणाली, "तुम्ही ना, दॉन आन्सेल्मो. म्हणूनच लोकांना तुम्ही आवडता." त्याला वाटलं, आपण आता रडलो तर तेही विनोदात जमा होईल. "मी बसलेला दिसलो तरी तुम्ही उतरायचं," तो म्हणाला, "वचन दे." "देते की," ती म्हणाली, लहान मुलाला म्हणावं तसं. शिमेनाने विचारलं, "तुम्ही किती मुतलात?"

ओर्तेन्सिया ऐकून म्हणाली, "खिडकीत बसू नकोस, झालं. खुर्ची इकडे ओढ." त्याने खुर्ची आत ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी खालून तिघा-चौघांनी आळीपाळीने हाक मारून विचारलं, बरं नाही का, आणि दोन्या चेला काढा घेऊन वर आली, आणि दंतवैद्याकडच्या मुलाने तर खिडकी रिकामी बघून बॅग भरली. ओर्तेन्सियाने खुर्ची पुन्हा होती तिथे लावली. "माणसं मरायची काळजीने," ती म्हणाली. मग तिने उपाय काढला की त्याने सराव करायचा. ती स्वयंपाकघरात जायची आणि तिथून अचानक भोंग्याचा आवाज काढायची. तिचा आवाज आधीच चांगला. चर्चमध्ये ती तीस वर्षं गात होती. पहिल्या वेळी आन्सेल्मो ताडकन उठला. दोघांना इतका आनंद झाला की तिने त्याला पोसोले, म्हणजे मक्याचा आणि मांसाचा रस्सा, करून घातला. पण लगेच त्याच्या ध्यानात आलं की तो उठला तो ओर्तेन्सियाचा आवाज ओळखून; चाळीस वर्षांच्या संसारात त्या आवाजाला उठायची सवयच होती. खऱ्या भोंग्यात ओर्तेन्सिया नव्हती. "मी तुझ्या बाजूला उभी राहीन," ती म्हणाली. "माझे गुडघे गेलेत, तुझे पाय गेलेत. दोघं मिळून एक माणूस तरी होतो का बघू." तो हसला नाही. त्याला त्या दिवसांत झोप येत नव्हती. भाजी चिरताना सुरी फळीवर पडली तरी तो सज्ज्यांकडे बघायचा, कोण आपल्याकडे बघतंय का. बघत असायचेच. हसून मान हलवायचे. त्याला वाटायचं, एवढ्या सगळ्या माणसांचं वजन माझ्या दोन मांड्यांवर आहे, आणि मांड्या त्यांनी आधी तपासूनही घेतल्या नाहीत.

मग एका दुपारी तो वाजला. जेवणं व्हायची होती, चौकात कुणीतरी बीन्सना फोडणी दिली होती, टाकीच्या पाण्यावर ऊन पडलं होतं. आधी तो लांबच्या खांबावर सुरू झाला, मग जवळच्या, मग त्या चिरक्या लाटा एकमेकींवर चढत कमानीतून आत आल्या, आणि त्यांच्यातून तो ओळखीचा, कुणाचाच नसलेला पुरुषी आवाज, भूकंपाचा इशारा, भूकंपाचा इशारा. आन्सेल्मो खिडकीत होता. गुडघ्याखाली दगड झाला. दारं उघडली. त्याने सगळ्यांना येताना पाहिलं: दोन्या चेला एका पायात चप्पल घातलेली, दंतवैद्याकडचा मुलगा दात घासायचा ब्रश तोंडात धरून, वर कोपऱ्यात यादिरा, तिच्या कडेवर शिमेना. सगळ्यांनी मान वर किंवा खाली करून एकाच ठिकाणी पाहिलं. त्याने हात हलवले, जा, जा, बाहेर जा, दोन्ही हात. "हात करतायत," कुणीतरी म्हणालं. शिमेनाने उलट हात केला. यादिराने वचन दिलं होतं, ती एक पायरी उतरली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, तो बसला होता, आणि तिच्या खांद्यांतली ताठरता गेलेली त्याला इथून दिसली. ती वळली. भात गॅसवर असावा.

खुर्चीतून दिसणं बंद केलं पाहिजे, एवढंच त्याला सुचलं. त्याने हातांनी खिडकीची चौकट धरून स्वतःला बाजूला लोटलं, आणि खुर्चीसकट जमिनीवर आदळला. खांद्यात कळ गेली. छत दिसलं. खिडकी आता रिकामी. आता घाबरतील, आता पळतील, त्याने कान टवकारले. भोंग्याच्या दोन लाटांच्या मधल्या फटीत दोन्या चेलाचा आवाज आला, निवांत, "गेले बाई जेवायला. काही नाही ते, चला." एक दार लागलं. दुसरं दार लागलं. आन्सेल्मोला आयुष्यात अनेकदा भीती वाटली होती, पण ती नेहमी स्वतःपुरती होती, तिला कडा होत्या. या भीतीला कडाच नव्हत्या. ओर्तेन्सिया आपल्या वॉकरवर रेलत पोचली होती. "काय करतोस रे," ती म्हणाली. "वर," तो म्हणाला, "मला वर घे, त्यांना दिसू दे." तिने वॉकर टाकला, त्याच्या पट्ट्यात हात घातला आणि ओढलं, आणि त्याने कोपरांनी भिंत धरून, छाती कठड्यावर घासत, पाय पोत्यासारखे मागे लोंबत ठेवून, डोकं खिडकीच्या बाहेर काढलं.

तो ओरडला नाही. ओरडायला गेला तर घशातून नुसती हवा आली. पण चेहरा बाहेर होता, आणि त्यावर इतक्या वर्षांचं जे काही होतं ते सगळं होतं, झाकायला हात मोकळे नव्हते. तोंड वाकडं उघडलेलं, डोळे बाहेर, लाळ. भात ढवळायचा डाव हातात घेऊन यादिरा दाराशी आली आणि तिने सवयीने एकदा खिडकीकडे पाहिलं. ती क्षणभर काही न कळल्यासारखी उभी राहिली. मग डाव पडला, शिमेना कडेवर आली, आणि यादिरा जिन्यावरून उतरायला लागली; तिला उतरताना पाहून तिच्या शेजारचे, आणि मग सगळेच. सज्जे रिकामे होत होते. कुणी त्याच्याकडे बघून छातीवर क्रूसाची खूण केली. दंतवैद्याकडचा मुलगा म्हणाला, "बाप रे, हे घाबरलेत," आणि त्याने दोन्या चेलाला अक्षरशः उचललं. पिंजरा आणायला ती चौकाच्या मध्ये त्याच्या हातांतून सुटून थांबायला लागली, "एवढा आहे का हो?" असं खालून विचारायला लागली, जणू काही मापच मिळणार होतं, आणि आन्सेल्मोच्या लक्षात आलं की आता चेहरा आत घ्यायची सोय नाही. तो जरा जरी सावरला, तोंड मिटलं, खांदा दुखतो म्हणून नुसता हसल्यासारखा झाला, तरी ही माणसं कमानीत थांबतील आणि परत फिरतील. त्याला अभिनय येत नव्हता. त्याने दोन्या चेलाकडे बघितलं आणि आपल्याला जे होत होतं ते होऊ दिलं. ती पिंजरा सोडून गेली.

कमानीखालून एकामागून एक पावलं गेली. टाकीतलं पाणी एका बाजूला सरकलं, थांबलं, आणि दगडावरून सांडलं. भिंतीच्या आत कुणीतरी काच चावावी तसा आवाज आला. मागे ओर्तेन्सिया त्याच्या पट्ट्याला धरून उभी होती. तिचे गुडघे थरथरतायत की इमारत, हे त्याला कळेना. "गेले का सगळे?" तिने विचारलं. कमानीच्या तोंडाशी रस्त्याचा उजेड होता आणि त्या उजेडात शिमेना आईच्या खांद्यावरून मान वळवून वर त्याच्याकडे बघत होती. "नाही अजून," आन्सेल्मो म्हणाला, आणि चेहरा तसाच ठेवला.